लाभार्थ्याची खुर्ची

हृदयरुग्णांच्या मदतीसाठी नांदेड ते लातूर सायकल चालवायची ठरली, तेव्हा त्या मोहिमेत एखादा खराखुरा हृदयरुग्ण नाव द्यायला येईल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. बसवंत लोह्याहून नांदेडला येऊन समोर उभा राहिला, तसे सायकल क्लबचे अध्यक्ष व्यंकटराव खुर्चीत सावरून बसले.

"तुमच्यासारख्यांसाठीच तर चालवायलोत की आम्ही," व्यंकटराव म्हणाले. "तुम्ही लातूरला स्टेजवर बसा. लाभार्थी म्हणून खुर्ची राखून ठेवतो."

बसवंतला खुर्चीचं नावही नको झालं होतं. लोह्यात त्याचं खताचं दुकान. एकेकाळी युरियाची पोती स्वतः गाडीत टाकणारा गडी. पण ऑपरेशन झालं आणि बायकोनं, उमाबाईनं, त्याला कोथिंबिरीची पिशवीसुद्धा उचलू दिली नाही. रस्त्यानं निघाला तरी ती मागं मागं, पडलाच तर धरायला. गल्ल्यावर बसून बसून त्याला वाटायला लागलं होतं, की आपणही दुकानातला मालच आहोत, तोही फुटका. डॉक्टरांनी कधीच परवानगी दिली होती, वर्षभर त्यानं पहाटे, उमाबाई उठायच्या आत, सरावही केला होता. आता आपल्या पायांनी लातूर गाठायचं आणि ते उमाबाईनं डोळ्यांनी बघायचं, एवढं एकच त्याच्या मनात होतं. हुज्जत घालून त्यानं नाव लावून घेतलं. व्यंकटरावांनी खुर्ची मात्र रद्द केली नाही.

मराठवाड्यात सायकल चालवणं अवघड नाही, सत्कार चुकवणं अवघड. माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, जिथं तिथं उतरायचं, हार घालून घ्यायचा, चहा घ्यायचा आणि दोन शब्द ऐकायचे. ते दोन शब्द कधी दोनावर थांबले आहेत? तरण्या पोरांना तेवढाच विसावा. बसवंतचे पाय मात्र प्रत्येक भाषणात आखडत गेले. मागून लालमहंमदचा टेम्पो येत होता, सत्काराचे नारळ आणि दमलेले सायकलस्वार घेऊन. चाकूरच्या पुढं टेम्पोत दोन्हींची गर्दी झाली. गाव जवळ आलं की स्वार खाली उतरत, सायकलवर बसत आणि हात हलवत गावात शिरत. नारळ बिचारे प्रामाणिक, ते बसूनच राहत.

आष्टामोडच्या सत्कारानंतर बसवंतच्या उजव्या पोटरीत असा गोळा आला की तो रस्त्याच्या कडेलाच बसला. बाकीचे पुढं गेले. लालमहंमदनं टेम्पो थांबवला.

"बसवंतभाऊ, चढा की वर. कोण बघायलंय हितं?"

"उमा बघायली."

"भाभी तर एसटीनं लातूरला गेल्या, तुमच्या गोळ्या घेऊन!"

"तरी बघायली," बसवंत म्हणाला. "मला धरून सीटवर बसवा तेवढं. आता पाय टेकला की परत उचलत न्हाई, एवढं कळलंय मला."

लालमहंमदनं त्याला बसवलं, मागून हलकेच ढकललं. तिथून लातूरच्या मैदानापर्यंत बसवंतनं पाय टेकवला नाही. दात आवळले, एका टमटमवाल्याच्या शिव्या खाल्ल्या, पण टेकवला नाही.

मैदानात कमिटीनं शेवटच्या रेषेवर लाल फीत बांधली होती. शर्यतीतली फीत छातीनं तोडायची असते हे साऱ्या जगाला ठाऊक. पण आपल्याकडं फीत म्हटली की तबक आलं, तबकात कात्री आली आणि कात्री धरायला साहेब आले. साहेबांचाच काय तो पत्ता नव्हता. म्हणून सगळे सायकलस्वार रेषेच्या हातभर अलीकडं उभे राहून चहा पीत होते.

व्यंकटराव दोन्ही हात हलवत ओरडत सुटले. बसवंतला आधी वाटलं, स्वागत आहे. मग त्याला "थांबा! थांबा!" ऐकू आलं, तबक दिसलं, आणि पहिल्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसलेली उमाबाई दिसली. थांबलो तर इथंच पाय टेकणार, हातभर अलीकडं. त्यानं ब्रेकवरची बोटं काढून घेतली.

फीत तुटली आणि त्याच्याच गळ्यात अडकली. पलीकडं जाऊन तो सायकलसकट आडवा झाला. नांदेडपासून सगळ्यांच्या मागं राहिलेला माणूस पहिला आला होता. टाळी मात्र एकच वाजली, मागून येणाऱ्या टेम्पोतून.

"काय करून बसलाव हे!" व्यंकटरावांना रडूच यायचं बाकी होतं. "मागं जा. साहेब कापतील, मग सगळ्यांसंगं परत या."

"एकदा आलो की," बसवंत पडल्या पडल्या म्हणाला. "आता कुठनं येऊ?"

फितीला गाठ मारली गेली. बसवंतला दोघांनी उचलून नेमकं त्या राखीव खुर्चीत ठेवलं. साहेब आले, त्यांनी गाठीशेजारी कात्री लावली, पोरं रेषेपलीकडं आली, फोटो निघाले. बसवंतचा जीव नुसता जळत होता. पायात त्राण असतं तर तो स्टेजवरून उडी मारून गेला असता.

साहेबांनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली. "ही तरुण मंडळी आज कुणासाठी झिजली? यांच्यासाठी!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मग माइक बाजूला धरून त्यांनी मायेनं विचारलं, "आता चालता-फिरता येतं का थोडंफार?"

"थोडं थोडं येतं," बसवंत म्हणाला. ते त्या वेळी खोटंही नव्हतं.

कार्यक्रम उरकला. लालमहंमदनं त्याच्या वाटणीचे नारळ उमाबाईच्या पिशवीत ओतले, पिशवी टच्च भरली. ती घेऊन उमाबाई स्टेजपाशी आली आणि तिनं पिशवीचे बंद त्याच्यापुढं धरले. बसवंत बघतच राहिला.

"बघायलाव काय? धरा. लई जड झाली मला."

तो उठला. पिशवी घेतली तसा त्याचा खांदा खाली गेला, पोटरीतून कळ आली.

"वहिनी, पेशंटला कामून उचलायला लावायल्या?" व्यंकटराव लांबून ओरडले.

"कोन पेशंट?" उमाबाई म्हणाली आणि एसटी स्टँडच्या दिशेनं पुढं चालायला लागली. तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही.