सतराचा पाना

तुमचा विश्वास बसणार नाही, माझे साडू मानाजीराव तर हसतीलच, पण गाडीचा क्लच मी घरच्या दारात, या दोन हातांनी बदलला. अन्नपूर्णे, तू मेहुणी असलीस तरी मध्ये बोलू नकोस.

माझा रणवीर म्हणाला, "अप्पा, क्लच जळला. गाडी आता भंगारात. सिरुसेरीच्या नव्या फ्लॅटला पार्किंग एकच, ते माझं."

"मी दुरुस्त करतो."

"करा. रविवारपर्यंत चालली तर ठेवा." चंद्र आणलास तर तुझा, असं पोराला सांगावं, तसा बोलला.

गाडी गेली की मी कुठं जाणार? सून मला बाहेर काढते ती डॉक्टरकडे न्यायला. म्हणून शेजारच्या कृष्णकांतांना गाठलं. माणूस नाशिकचा, पण चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात रणगाडे उघडण्यात जन्म गेलेला. त्यांनी बजावलं, "तुकोजीराव, आधी हत्यारं नीट निवडा. गाडी जॅकनं उचला, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, आधाराला लोखंडी घोड्या लावा. गिअरबॉक्स पेलायला दुसरा जॅक. क्लचप्लेट मधोमध बसवायला दांडा. आणि मुख्य म्हणजे सतराचा पाना."

मी बाजारातून सतरा पानं आणली, ताटात मांडली. विड्याची, कोवळी. आम्ही तंजावरची माणसं, आमच्यात स्पॅनरला स्पॅनरच म्हणतात! मला वाटलं, आधी गाडीची पूजा असेल.

कृष्णकांतांनी ताट बघितलं. "हे काय?"

"सतरा पानं. सुपारी राहिली."

रणवीरनं वरून व्हिडिओ काढला, घरच्या ग्रुपवर टाकला. सगळे हसले. नात शरण्या तेवढी हसली नाही. तिला मराठी येत नाही. मग तिच्या बापानं आपल्या बापाची फजिती तिला इंग्रजीत समजावली. तेव्हा तीही हसली.

अय्यो, पण पुढचं ऐका! कृष्णकांतांनी आपला पाना दिला, बोल्ट लोण्यासारखे सुटले. जॅक दमला, तेव्हा गिअरबॉक्स मी छातीवर तोलला. दांडा कुठंच मिळेना. मग माझ्या बायकोचं, राजसबाईचं लाटणं काढलं. ती गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. प्लेटच्या भोकात असं बसलं, जणू सुतारानं त्याच्यासाठीच घडवलं होतं. शनिवारी किल्ली फिरवली आणि थेट कोवलमचा समुद्रकिनारा! पोलिसांची जीप मागं पडली, कोळ्यांनी जाळी टाकून टाळ्या वाजवल्या. परत आलो तर रणवीर फाटकात हात जोडून उभा. "अप्पा, चुकलो. गाडी तुमचीच."

"खोटं!" अन्नपूर्णा म्हणाली. "भावोजी, शुक्रवारीच भंगारवाल्यानं ती दोरखंडानं ओढत नेली, आमच्या दारावरून. मी बघितलं ना. मागून तुम्ही चालत होता, पायात चप्पलसुद्धा नव्हती."