अकरा सह्या

चित्रकलेच्या सरांना पोरं पाठीमागे खोडरबर म्हणायची, आणि उगाच नाही म्हणायची. कुणी चित्र काढत बसलं की सरांचे हात शिवशिवायचे. "सरक," म्हणत ते पोराला स्टुलावरून उठवणार, त्याने काढलेलं नाक खोडणार आणि तिथे आपलं नाक बसवणार. शेवटच्या वर्षाला चित्रकला घेतलेली नऊच पोरं, पण कुणाचीही फाइल उघडा, आजोबा असोत की भाजीवाली, सगळ्यांना तेच सरळसोट नाक. जणू एकाच आईची लेकरं.

मुंगीला हे मुळीच खपत नसे. मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात चावरी मुलगी. तिला पुढे चित्रकलेच्याच कॉलेजात जायचं होतं, आणि तिथे शाळेच्या फाइलीतली बारा चित्रं बघूनच आत घेत. प्रत्येक चित्रामागे 'हे काम विद्यार्थ्याने स्वतः केले आहे' असं छापलेलं, त्याखाली सरांची सही हवी. त्या सहीपायी मुंगी दोन वर्षं मूग गिळून बसली. अकरा चित्रांवर सरांनी हात चालवला आणि अकरांच्या मागे खुशाल सही ठोकली.

बारावं मात्र तिने शाळेबाहेर काढलं. तिची मावशी इस्त्रीच्या दुकानात कामाला होती. तिचाच इस्त्री धरलेला हात, सुजलेली बोटं, मनगटावर भाजल्याचा डाग. सात रविवार कपड्यांच्या गाठोड्यावर बसून मुंगीने तो काढला. मावशी म्हणायची, अगं, कुणाचा जरा बरा हात तरी शोधायचास.

फाइल द्यायच्या दिवशी सरांनी ते चित्र उलटंपालटं केलं आणि सहीला साफ नकार दिला. वर्गासमोर म्हणाले, हे तुझं नाही, तुझं काम मी ओळखतो, कुणाकडून काढून आणलंस? पोरं खाली माना घालून हसली. मुंगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फाइल उचलून ती थेट मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत शिरली, आणि सर तिच्या मागोमाग.

बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. म्हणाल्या, भांडता कशाला, हिने इथेच एक हात काढून दाखवावा. त्यांनी आपलाच डावा हात टेबलावर ठेवला. मुंगी बसली. बोटात रुतलेली अंगठी, तुटकं नख, कातडीवरच्या सुरकुत्या, सगळं कागदावर उतरत गेलं. आपला हात असा दिसतो हे बघून बाईंचा चेहरा जरा पडला. मागे उभ्या सरांची मात्र नुसती चुळबुळ चालली होती. शेवटी काही त्यांना राहवेना.

"अंगठा चुकतोय. सरक," ते म्हणाले, आणि मुंगीच्या हातातली पेन्सिल त्यांनी काढूनच घेतली.

बाई बघतच राहिल्या. सर वर्गातही असंच करतात का, असं त्यांनी मुंगीला विचारलं. क्वचित कधीतरी, एवढं म्हणाली असती तर भागलं असतं. पण दोन वर्षांचा राग, तो काय हिशेब बघून बाहेर पडतो?

"या अकरांत माझा एकही चेहरा नाही," मुंगी म्हणाली. "सगळे सरांचे आहेत."

बाईंनी बाराव्या चित्रामागे सरांची सही घेतली. मग बाकीची अकरा एकेक करून उलटी केली आणि प्रत्येक सहीवर लाल रेघ मारली. फॉर्मवर 'स्वतःची चित्रे' याच्यापुढे त्यांनी आकडा लिहिला: एक. धोंडा आपल्याही पायावर पडलाय, हे मुंगीला तेव्हा कुठे कळलं. बाई हळहळल्या, पण लिहिलेलं काही त्यांनी बदललं नाही.

बाहेर आल्यावर सर तिच्याकडे न बघता बोलले. "वर्ष गेलं तुझं. पुढच्या वर्षी माझ्याच वर्गात यायचंय, लक्षात ठेव."

मुंगीला रडू फुटलं, आणि ते त्यांच्यासमोर फुटलं याचा जास्तच संताप आला. तिने बाहीने नाक पुसलं.

"येईन," ती म्हणाली. "बाराच्या बारा माझी असतील. आणि सही तुम्हालाच करावी लागेल."