वंशावळीतून गळलेलं नाव

तसेमाबाबांच्या हातून चूक झाली, हे आमच्या डोंगरावरच्या गावात कुणाला खरंच वाटेना. मला तर मुळीच नाही. पोथी लिहिणारा असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. बोकडाचं कातडं ते स्वतः ताणायचे, खरवडायचे, काजळीची शाई महिनोन्‌महिने मुरवायचे. देवाचं नाव आलं की बोरू बदलून लाल शाईत लिहायचे, आणि तेही उपाशीपोटी. आमच्या देवळातलं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राची पोथी, त्यांनीच लिहिलेली. मांडीवर कातडं ठेवून चार वर्षं लिहीत होते.

माझा भाऊ दम्से आज जिवंत आहे तो त्या पोथीमुळे. सात वर्षांपूर्वी पाटाच्या पाण्यावरून भांडण जुंपलं आणि दम्सेच्या काठीने येशिमबेतकाकींचा थोरला मुलगा गेला. आमच्याकडे रक्ताच्या बदल्यात रक्त मागतात. पण पंच मध्ये पडले, काकी आणि त्यांचा धाकटा बयेने यांनी पोथीचं चुंबन घेऊन शपथ वाहिली, की सूड घेणार नाही. त्या शपथेवर आम्ही सात वर्षं झोपलो.

यंदा अदिस अबाबाहून छापील शुभवर्तमान आलं. आमच्या नव्या डीकनला, पुरोहिताच्या मदतनिसाला, कुणी सांगितलं होतं कोण जाणे, त्याने दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. येशूची वंशावळ येते ना, हा त्याचा मुलगा, तो त्याचा मुलगा, त्या रांगेत बाबांची नजर एका ओळीवरून खालच्या ओळीवर घसरली होती. एक नाव गळलं होतं.

रविवारी उपासना संपली आणि बयेने देवळाच्या अंगणात सगळ्यांसमोर उभा राहिला.

"पोथी खोटी, म्हणजे शपथही खोटी," तो म्हणाला. "आता मी मोकळा आहे. दम्सेला कळवा."

माझं तोंड कुठलं गप्प बसतंय!

"अरे वा! तुझं लग्नसुद्धा याच पोथीसमोर लागलंय," मी म्हणाले. "मग आधी बायकोला माहेरी पोचवून ये!"

लोक खो खो हसले. बयेने हसला नाही. तेव्हा मात्र मला खरी भीती वाटली.

सगळे पुरोहिताकडे, अब्बा वोल्देंकडे बघू लागले. ते बिचारे भले गृहस्थ, पण अडचणीत आले की दाढी कुरवाळत बसतात.

"देवाने श्वास फुंकला तो पहिल्यांदा लिहिणाऱ्याच्या शब्दांत," ते म्हणाले. "नकलेत तो उतरतो का, आणि किती उतरतो, हे मी कसं सांगू?"

"पहिली पोथी पाहिलीय कुणी, अब्बा?" मी विचारलं. "आपली तर ग्रीकांच्या भाषेतून आपल्या जुन्या गेएझमध्ये आलेली. ती गेएझ तरी या अंगणात किती जणांना कळते? नकलेत देव नसेल, तर आपल्याकडे तो कधी आलाच नाही म्हणायचं."

"अस्नाकेच, जरा दमानं घे."

"भाऊ माझा मरणार, अब्बा. दमानं कसं घेऊ?"

तेवढ्यात तसेमाबाबा काठी टेकत उठले. ऐंशी वर्षांचा माणूस. मला वाटलं, आता म्हणतील की ज्या पोथीवरून उतरवलं त्यातच चूक होती. म्हणाले असते तर कोण तपासायला जाणार होतं? पण ते कुंपणापाशी गेले, एक चांगला जड दगड उचलला, मानेवर ठेवला आणि वाकून काकींसमोर उभे राहिले. आमच्यात अपराधी अशी क्षमा मागतो.

"चूक माझी आहे, येशिमबेत," ते म्हणाले. "त्या दिवशी लिहिताना डोळा लागला असेल. गळलेलं नाव मी कडेला लिहीन, खूण करून, सगळ्यांना दिसेल असं. पण माझ्या चुकीने तुमची शपथ मोडत असेल, तर बयेनेने आधी माझ्याकडे यावं. दम्सेकडे नंतर."

इतक्या थोर माणसाला असं वाकलेलं बघून मला रडू आवरेना.

काकींनी दोन्ही हातांनी दगड उतरवला. मग अब्बांना पोथी बाहेर आणायला लावली. काकींना अक्षर वाचता येत नाही.

"ते नाव कुठे असायला हवं होतं?" त्यांनी विचारलं.

बाबांनी दोन ओळींच्या मध्ये बोट ठेवलं.

"एक मुलगा गळला, तरी ही रांग येशूपर्यंत पोचली ना?"

"पोचली."

"माझ्या घरातूनही एक गळलाय," काकी म्हणाल्या. "म्हणून काय मी खोटी आई झाले?"

त्या वाकल्या आणि बाबांच्या बोटाखालच्या त्या मोकळ्या जागेवर त्यांनी ओठ टेकले. बराच वेळ टेकून ठेवले. मग बाजूला झाल्या आणि बयेनेकडे बघत उभ्या राहिल्या.

बयेने आला, आणि त्यानेही तिथेच ओठ टेकले.