निळा दिवा लागेपर्यंत

"आधी सीडी बाहेर काढायची, मगच नंबर लावायचा. निळा दिवा लागेपर्यंत हात मागं. ध्यानात राहील न्हवं, सुदर्शन?"

हा आवाज ज्ञानेश्वरीचा. अजून माझ्या कानात आहे. मला कान नाहीत म्हणा, पण जे कानात राहायला हवं ते माणसाच्याही कानात कुठे राहतं?

मित्रांनो, मी एक जुना डोंगल आहे. अंगठ्याएवढा. पूर्वी पांढरा होतो, आता दुधावरच्या जुन्या सायीसारखा पिवळट पडलो आहे. पोटात सिमकार्ड घालून मला कॉम्प्युटरला खोचलं, की हवेतलं इंटरनेट मी आत ओढून देतो. लोक मला पेनड्राइव्ह समजतात. एका आजोबांनी तर माझ्यात भजनं भरून मागितली होती.

माझा जन्म कुठल्याशा दूरदेशीच्या कारखान्यात झाला. जन्मतानाच माझ्या अंगावर एक सोंग चढवलं गेलं. मला खोचलं की मी आधी सांगतो, मी सीडी आहे. त्या सीडीत मला चालवण्याचं सॉफ्टवेअर असतं. विंडोजचा कॉम्प्युटर ते वाचतो आणि मग मला म्हणतो, उतरव सोंग. तेव्हा मी मोडेम होतो आणि माझा निळा दिवा लागतो. हे ज्याला कुणी सांगितलेलं नाही, त्याच्यापुढे मी लाल दिवा लावून जन्मभर सीडीच राहतो.

माझ्या नशिबी विंडोज नव्हे, लिनक्स आलं, आणि त्याला हे सोंग कुणी सांगितलेलं नव्हतं. न्हावऱ्याच्या पुढे, भीमेच्या अलीकडे एक गाव आहे. त्याचं नाव मी घेत नाही. तिथल्या पंचायतीच्या सेवा केंद्रात कारेगावच्या एका कंपनीने मोडीत काढलेला कॉम्प्युटर आला होता. इतक्या जुन्या यंत्रावर लिनक्सच नीट चालत होतं, आणि ते फुकट होतं. गावात इंटरनेटची वायर आली होती, पण रस्ता रुंद करताना ती तुटली आणि परत कुणी जोडली नाही. मग केंद्र सांभाळणाऱ्या ज्ञानेश्वरीने सणसवाडीतल्या मैत्रिणीकडे धूळ खात पडलेला मला मागून आणलं.

किती खटपट केली त्या मुलीने! काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची. माझा नंबर काय, मी कुठल्या दारातून बोलतो, माझ्या सिमच्या कंपनीला कुठल्या नावाने हाक मारायची, एकेक शोधत गेली. मी आपला म्हणतोय, मी सीडी, मी सीडी. शेवटी कंटाळून तिने त्या सीडीच्या चित्रावरच 'इजेक्ट', म्हणजे 'बाहेर काढ', दाबलं. सीडी गेली. क्षणभर पडद्यावर काहीच नव्हतं. मग तिने नंबर लावला आणि माझा निळा दिवा लागला.

त्या वेळी दारात धुरपदाबाई उभ्या होत्या. नदीकाठच्या पट्टीत शेवंती पिकवणारी विधवा बाई. मूल ना बाळ, धाकटी जाऊ सरूबाई हीच काय ती सोबत. त्यांनी डोईवरच्या पाटीतून एक फूल काढलं आणि माझ्या पाठीवर ठेवलं.

"अगं ज्ञाने, एवढुसा जीव, आन् किती धडपडला तुझ्यासंगं!"

माझं कौतुक झालं ते तेवढंच. पण ते मला आयुष्यभर पुरलं आहे.

पुढे ज्ञानेश्वरीला सणसवाडीत नोकरी लागली. जाताना म्हणाली, "पुढच्या खेपेला आले की सीडी आपोआप निघंल असं करून ठेवते." ती खेप झाली नाही. तिच्या जागी बबनरावांचा पुतण्या सुदर्शन बसला. बबनराव म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. सुदर्शन हुशार होता. एकदाच सांगितलेलं त्याला सगळं समजलं. समजलेल्याचं पुढे काय करायचं, ते मात्र ज्याच्या त्याच्या मनावर असतं.

लहानपणी त्याने धुरपदाबाईंच्या शेवंतीचे ताटवे मोडले होते. बाईंनी मारुतीच्या पारावर चारचौघांत त्याचा कान पिळला आणि मग त्याच हाताने त्याला गूळही दिला. गूळ तो विसरला.

मित्रांनो, त्या गावच्या निराधार बायांना सरकारकडून महिन्याला थोडे पैसे मिळतात. बायका त्याला पगार म्हणतात. वर्षातून एकदा त्यांनी आपण जिवंत आहोत हे दाखवायचं असतं. केंद्रात यायचं, कॅमेऱ्यापुढे बसायचं, डोळे मिटायचे आणि उघडायचे. पापणी हलली की नाव जिवंतांत चढतं. नाही हलली तर कटतं.

गणपती उठल्यावर धुरपदाबाई आल्या. त्या दिवशी टॉवरच बंद होता, खरंच नेट नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. केंद्रातल्या कट्ट्यावर कायम बसून असणारा नवनाथ म्हणाला, "आजी, मशीन म्हणतंय तुमी जित्या न्हाई!" सगळे हसले. धुरपदाबाईही हसल्या. सुदर्शन मात्र हसला नाही. तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि ते बघणं त्याला गोड लागलं.

तिथून पुढे सुरू झालं. बाहेर चौफुल्याच्या गाडीचा थांबा आहे आणि माझ्या शेजारी खिडकी. धुरपदाबाई थांब्यावरून येताना दिसल्या, की सुदर्शन मला उपसायचा आणि पुन्हा खोचायचा. उपसून खोचलं की मी परत सीडी. लाल दिवा. सीडी बाहेर काढायला त्याला एक बोट पुरलं असतं. ते बोट तो हलवायचा नाही.

"बघा आजी, लाल हाय. नेट न्हाई."

"मग जाऊ व्हय, लेकरा?"

"जाता कशाला? बसा की. येईल एवढ्यात. डोळं मिटून दावा बरं. जोरात. आजून जोरात. नवनाथ, तुला दिसली का रं पापणी?"

"न्हाई बा. उजवी हालली. डावी मेलेली हाय."

"डावी हालवा, आजी."

आणि ती माउली डावा डोळा एकटा मिटायला बघायची. तिला ते जमायचं नाही, सगळा चेहराच गोळा व्हायचा. कॅमेरा चालू होता. पडद्यावर तिचा चेहरा तिलाच दिसत होता. माझ्यातून मात्र काहीही जात नव्हतं. मी लाल दिवा लावून सीडी असल्याचं सांगत होतो आणि तिचे डोळे मिटत-उघडत होते. ती बाहेर पडली, की सुदर्शन सीडी काढायचा, माझा निळा दिवा लागायचा, आणि बाकी सगळ्यांची कामं बिनबोभाट व्हायची.

एकदा सोबत आलेल्या सरूबाई म्हणाल्या, "तुझ्या फोनवरनं कर की रं."

"माझ्या फोनचं नेट काय वाटंवर पडलंय?"

"मग आमी दौंडला जातो."

"जावा. तुमचं नाव ह्याच गावच्या यादीत हाय, तिकडं उघडायचं न्हाई."

ते खरं की खोटं, मला ठाऊक नाही. पण त्या बायांनाही ठाऊक नव्हतं, आणि तेवढ्यावर त्याचं भागत होतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे विळा-खुरप्यापासून मोटारीपर्यंत सगळ्यांची पूजा होते, हे तुम्हाला माहीतच आहे. धुरपदाबाईंनी खुरप्याला लावलं तसंच मलाही हळदकुंकू लावलं, शेवंतीचं फूल वाहिलं. "वरीसभर राबतंय बिचारं," म्हणाल्या. माझ्या पाठीवर ते बोट टेकलं, तेव्हा मला ज्ञानेश्वरीचे दिवस आठवले.

दुसऱ्या खेपेला सुदर्शनने तेच कुंकू त्यांना दाखवलं.

"हे काय केलंत आजी? कुंकू आत गेलं. जळला डोंगल. तुमच्या हातानं जळला."

"माझ्या हातानं?"

"मग कुणाच्या? आता गावाचं काम आडलं तुमच्यापायी."

कट्ट्यावर कुणी हसलं नाही. नवनाथसुद्धा पायांकडे बघू लागला. त्याला माहीत होतं. सकाळीच त्याचा सातबारा माझ्यातून निघाला होता. पण तो बोलला नाही. मित्रांनो, वाईट माणूस एकटाच असतो. त्याच्या भोवतीचे गप्प बसतात, म्हणून तो चार माणसांएवढा दिसतो.

धुरपदाबाईंनी पदराच्या टोकाने मला पुसलं. हळूहळू, देव पुसावा तसं. मग हात जोडून म्हणाल्या, "माझ्याच्यानं चुकी झाली. निळा दिवा लागस्तोवर मी मिठाला शिवणार न्हाई. आन् माझं नाव चढलं की कुरकुंभाच्या फिरंगाईची ओटी भरीन."

व्रत करणाऱ्याला व्रताचा भार वाटत नाही, असं म्हणतात. पण हे व्रत एका खोट्यावर उभं होतं, आणि ते खोटं माझ्या नावावर होतं. मी निळा होऊन दाखवलं असतं तर तिच्या तोंडात त्याच दिवशी मीठ पडलं असतं. पण बोट दुसऱ्याचं होतं.

त्या पुढेही येत राहिल्या. अळणी भाकरी खाऊन त्यांच्या चालण्यातला जोर गेला. पगार थांबला तसं त्यांच्या औषधाच्या गोळ्या आणणंही थांबलं. सरूबाई ओरडायच्या, "आक्का, चिमूटभर तरी घे गं, देवी काय एवढी कोपणारी हाय व्हय?" त्या मान हलवायच्या. मार्गशीर्षातल्या थंडीत शेवटच्या आल्या, तेव्हा सरूबाईंनी दोन्ही हातांनी धरून खुर्चीत बसवलं. सुदर्शनने मला उपसलं, खोचलं.

"लालच हाय, आजी."

धुरपदाबाईंनी तरीही डोळे मिटले, उघडले. कुणी सांगितलं नव्हतं. मग शांतपणे म्हणाल्या, "पैशाचं ऱ्हाऊ दे, बाळा. पण जित्या माणसाला मेल्यात घालू नये."

सुदर्शन फोन बघत होता.

"सरू, हिकडं ये. माझं नाव चढलं आन् मी नसले, तर माझी ओटी तू भरशील?"

"गप गं आक्का."

"वचन दे."

सरूबाईंनी टेबलावरच्या आक्काच्या हातावर आपला हात ठेवला. माझ्यापासून वीतभर अंतरावर.

पौष लागायच्या आत धुरपदाबाई गेल्या. तेरावं उरकून मयताची नोंद करायला सरूबाई आल्या. कपाळावर काही नाही, हातात रिकामी कापडी पिशवी. खिडकीतून त्या येताना दिसल्या, पण आज सुदर्शनने मला उपसलं नाही. सकाळी केंद्र उघडताना मला खोचलं होतं, तसाच मी लाल होतो. त्या बसल्यावर त्याने एक बोट हलवलं. सीडी गेली, नंबर लागला, माझा निळा दिवा लागला. पापणी मिटून उघडायला लागतो तेवढाच वेळ.

सरूबाई त्या दिव्याकडे बघत होत्या.

"कुंकवानं जळला व्हता न्हवं हा?"

सुदर्शनचा हात थांबला. "दुरुस्त केला, मावशी."

"कवा?"

त्याने पडद्यावर नोंदीचा फॉर्म उघडला. कट्ट्यावरून नवनाथ उठून बाहेर गेला.

"आत्ता तू बोट लावलंस, तेवढीच दुरुस्ती व्हती का रं?"

"नाव सांगा मावशी, मयताचं पूर्ण नाव."

सरूबाईंनी नाव सांगितलं. वडिलांचं, नवऱ्याचं, गावाचं. आवाज चढला नाही. त्याने सगळं भरलं. एकदाही अडकलं नाही, फिरत राहिलं नाही, परत मागितलं नाही. माझ्यातून इतक्या सुरळीत दुसरं काही गेल्याचं मला आठवत नाही. जिवंत असताना महिनोन्महिने जे नाव माझ्यातून जाऊ दिलं नाही, ते मेल्यावर पहिल्या झटक्यात गेलं.

"चढलं का नाव?" सरूबाईंनी विचारलं.

"चढलं."

"मेल्यात का हुईना, चढलं," त्या म्हणाल्या आणि उठल्या. दारात वळल्या. सुदर्शनला वाटलं, आता त्या शिव्याशाप देणार. त्याने मान खाली घातली होती. "तुझा कान पिळला तवा तिनं गूळ बी दिला व्हता," एवढंच बोलून त्या बाहेर पडल्या.

मित्रांनो, मी एक जुना डोंगल आहे, थोड्या दिवसांत मला कुणी विचारणारही नाही. मला धुळीत ठेवू नका, पाण्यात टाकू नका, हे तर कोणतंही यंत्र सांगेल. मी दुसरंच मागतो आहे. "नेट नाही" असं म्हणायच्या आधी एकदा माझ्या दिव्याकडे खरंच बघा. आणि जे एका बोटाने होतं, ते बोट कुणाच्या जिवावर अडवून धरू नका. यंत्राला लाज नसते म्हणून माणसाने आपली लाज यंत्राच्या गळ्यात बांधू नये.

खिडकीतून मला थांबा दिसत होता. सरूबाईंनी समोरच्या दुकानातून खण आणि नारळ घेतला, पिशवीत ठेवला. पदराची गाठ सोडली. आत चिमूटभर मीठ होतं. त्यांनी ते नदीकडच्या पट्टीच्या दिशेने मातीत सोडलं. आक्काचा उपास सुटला. मग चौफुल्याची गाडी आली. तिथून पाटस, आणि पाटसच्या पुढे कुरकुंभ. सरूबाईंनी पिशवी छातीशी धरली आणि कुणाला काही न सांगता त्या गाडीत चढल्या.