शालूबाईंच्या गोळ्यांची डबी

मी एक जुनी, दोन तोंडांची पितळी डबी आहे. धाडच्या बाजारात किसनरावांनी मला घेतलं. एका तोंडात तंबाखू, दुसऱ्यात चुना, असा माझा संसार होता. मित्रांनो, माझा वास काही फार चांगला नव्हता, पण किसनरावांचा जीव माझ्यात होता.

मग त्यांच्या बायकोच्या, शालूबाईंच्या छातीत फडफड सुरू झाली. शहरातले डॉक्टर म्हणाले, ठोके असे वेडेवाकडे पडले की हृदयात रक्ताची गाठ होते, ती मेंदूत गेली तर माणूस लुळा पडतो. त्यांनी रक्त पातळ करायची गोळी दिली. किसनरावांनी त्याच दिवशी तंबाखू सोडली, मला चिंचेने घासलं आणि गोळ्या ठेवायला बायकोच्या हाती दिलं. मला फार बरं वाटलं.

पहिली गोळी स्वस्त, पण मोठी मानी! सारखं रक्त तपासा, पालेभाजी एकदम वाढवू नका. शालूबाईंना तर अंबाडीची भाजी दिसली की राहवत नसे. मग नवी गोळी आली. तिचं पथ्य कमी, तपासण्याही कमी. पण ती सकाळ-संध्याकाळ घ्यावीच लागे, चुकली की तिचा असर लवकर उतरे. पुढे हृदयात बारीक तार घालून बिघडलेली जागा डागायचं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, "तोवर एकही गोळी चुकवू नका."

नेमकी तेव्हा कापसाची वेचणी आली. बीटीची बोंडं भरघोस, पण वाळलेली टोकं सुईसारखी बोटात घुसत.

तार घालायला दवाखान्यात जायच्या दिवशी एसटीत किसनरावांनी सवयीने मला हातात घेतलं आणि मी खुळखुळ वाजले.

"शालू, एवढ्या गोळ्या काऊन उरल्या वं?"

शालूबाईंनी मान खाली घातली. "बोंड टोचलं की रक्त थांबत नाई. पांढऱ्या कापसावर डाग पडते. म्हून वेचणीच्या दिवशी सकाळची नाई घेतली. तुमाले कसं सांगू?"

 दवाखान्यात किसनरावांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. घशातून नळी घालून पाहिलं, तर हृदयात खरंच छोटी गाठ होती. तार तशीच घातली असती तर? ती गाठ सुटून मेंदूत गेली असती.

तारीख पुढे गेली. शालूबाईंनी नेमाने गोळ्या घेतल्या, गाठ विरघळली, मग तार घातली आणि ठोके ताळ्यावर आले. गोळी मात्र सुरूच ठेवायला सांगितली.

मित्रांनो, घरातलं कुणी औषध टाळत असेल तर रागावू नका. जवळ बसून कारण विचारा.

पुढच्या वेचणीला शालूबाईंचं बोट पुन्हा टोचलं. कापसावर लाल थेंब पडला. त्या घाईने तो पदराने पुसू लागल्या. किसनरावांनी त्यांचा हात धरला.

"राहू दे वं. तू हायेस म्हून डाग हाये."