फक्त आईकडचं

दादाच्या मत्स्यबीज केंद्रातली बोटाएवढी पिल्लं नदीत सोडली जायची, ती छोटीच्या सहीवर. छोटी त्याची धाकटी बहीण. माशांच्या जाती ओळखणाऱ्या प्रयोगशाळेत होती. नदीतल्या माशाची एक परकी भावकी होती. दिसायला हुबेहूब तशीच, पण झपाट्याने वाढणारी. ती नदीत मिसळली तर मूळचा मासा संपला असता. खवले मोजूनही फरक कळत नसे, म्हणून माशाच्या पराचा कपटा कापून डीएनए तपासावा लागे. दादाचे मासे दरवेळी अस्सल निघत. भावाचे म्हणून छोटी ते दोनदा तपासायची. उद्या कुणी बोट दाखवायला नको.

यंदा नवी चाचणी आली. जुन्या चाचणीत फक्त आईकडून आलेला डीएनए दिसायचा, नवीत दोन्हीकडचा. छोटीने सवयीने दादाचेच नमुने आधी लावले. सगळे मिश्र निघाले. आई नदीतली, बाप परका. आपल्याच हातून नळ्यांची अदलाबदल झाली असं वाटून तिने पुन्हा नमुने आणवले. उत्तर तेच.

तरीही दादाला कुणीतरी फसवलंय, असंच ती धरून चालली होती. तेच सांगायला ती केंद्रावर गेली. तो टाकीत जाळं फिरवत होता. तिने सगळं समजावलं आणि नर कुणाकडून घेतले ते विचारलं. दादाने जाळं कडेला ठेवून हात पुसले.

"मीच आणले मुद्दाम," तो म्हणाला. "मिश्र पिल्लं जोमाने वाढतात. मरतातही कमी."

"चाचणीत सापडणार नाही, हे तुला कसं कळलं?"

"तूच म्हणालीस की, जेवताना. फक्त आईकडचं दिसतं म्हणून."

तिला ते जेवण आठवलं. दादा आपल्या कामाबद्दल एवढ्या आस्थेने विचारतोय म्हणून ती हरखून गेली होती, ताटातलं गार होईपर्यंत बोलत राहिली होती. घरात दुसरं कुणी कधी विचारतच नसे.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. छोटीने तिच्याकडे पाहिलं, तशी तिने नजर खाली वळवली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

छोटीने वरिष्ठांना सगळं सांगून आपले दाखले मागे घेतले. केंद्र बंद झालं. सही तिची, म्हणून चौकशी तिचीही झाली. बहीणभावाचं संगनमत असणार, असं लोक तोंडावर म्हणाले. दादाने ते एकदाही खोडून काढलं नाही.

हल्ली ती नदीच्या वरच्या अंगाला, अस्सल मासे कुठे उरलेत ते शोधत हिंडते. धबधब्याच्या वर थोडे सापडलेत. पण काय काम चाललंय असं कुणी विचारलं, की "नेहमीचंच" म्हणते आणि विषय बदलते.