कुलपातला लसूण

लसूण उपटला त्याच दिवशी कडूबाचं अन् त्याच्या मायीचं वाजलं.

"पाल्यासकट वेण्या घाल अन् आढ्याला टांग. हवा लागू दे," तुळजाबाई म्हणाली.

"आढं कुठंय माय? आढं काढून स्लॅब टाकला की आपण."

"मंग पंख्याच्या हुकाला टांग."

"अन् पंखा कुठं टांगू? चुलीवर?"

केदारखेड्यात त्या साली लसणाचा भाव असा चढला होता, की लोक पाहुण्याला आग्रह करकरून चहा पाजत, पण जेवून जा म्हणत नसत. तुळजाबाईचा तर गावरान लसूण. बारीक पाकळीचा, जहाल. लग्नात माहेराहून, पिंपळगाव रेणुकाईहून, पदराला बांधून आणलेलं बी. दरसाल त्यातलंच राखायचं, दसरा झाला की लावायचं.

कडूबानं गव्हाची लोखंडी कोठी रिकामी केली, ओलसर लसणाच्या वेण्या आत कोंबल्या, कुलूप घातलं अन् चावी करदोड्याला बांधली.

"आरं, जित्ता हाय तो. कोंडून मरंल."

"मरू दे. चोरीला तर जानार न्हाई!"

कोंबताना एक वेणी कमी वाटली. शेजारच्या सुगंधाबाईच्या गोठ्यात, म्हशीच्या डोक्यावरच्या वाशाला, वेणी लटकत होती. झालं! कडूबा गल्लीत उभा राहून ओरडला, "काकू, लसूण उपटायला आल्ती का उचलायला?"

सुगंधाबाईनं तुळजाबाईकडं पाहिलं. मदतीला आली म्हणून ती वेणी तुळजाबाईनंच तिच्या ओटीत घातली होती. पण पोराच्या तोंडाला तुळजाबाई भ्यायची. खाली बघून ती लसणाची माती झटकत राहिली. झटकण्यासारखी माती उरली नव्हती, तरी.

पावसाळाभर कोठीचा वास घरभर. कडूबा खूश. "वास येऊन राह्यला म्हंजी माल जागेवर हाय." भाजीला लसूण मात्र बाजारातून यायचा, कोठी उघडली की नजर लागते म्हणे. पुढं वास बदलला, तेव्हा घरच्यांनी मेलेला उंदीर हुडकला. सापडला नाही. उंदीर बिचारा केव्हाच घर सोडून गेला होता.

दसरा झाल्यावर कुलूप काढलं. आत काळा, चिकट, बुरशी धरलेला गाळ. कुलूप तेवढं नव्यासारखं.

तुळजाबाई रडली नाही. कडूबाला पुढं घालून ती सुगंधाबाईच्या गोठ्यात गेली. म्हशीच्या डोक्यावर वेणी तशीच, खडखडीत वाळलेली. चोरीची ठरली म्हणून सुगंधाबाईनं तिच्यातली एक पाकळी मोडली नव्हती.

"सुगंधे, बी पायजे व्हतं."

"चोराच्या घरचं?"

म्हैस तेवढी रवंथ करत होती.

"तव्हा एक शब्द बोलली असती, तुळजाबाई."

"चुकलं गं."

"आता मी हातानं देनार न्हाई. कडूबा, न्यायचा तर चोरून ने. मी पाठ करते."

अन् तिनं खरंच पाठ केली. कडूबानं म्हशीच्या शिंगांतून हात घालून वेणी काढली अन् शर्टात खुपसली. कोणापासून लपवत होता, देव जाणे. मायलेक गल्लीच्या मधोमध पोचले, तेव्हा मागून साऱ्या गावाला ऐकू जाईल असा आवाज आला.

"चोर! चोर! कडूबानं लसूण चोरला!"

धडाधड दारं उघडली. कडूबानं मायीकडं पाहिलं.

तुळजाबाई खाली बघून लुगड्याची माती झटकत राहिली.